बोटीत जागा कोणाला? रोइंगच्या संघनिवडीला पहिल्यांदा सामोरं जाणाऱ्या मुलांसाठी आणि पालकांसाठी

क्रिकेटमध्ये कोण कसं खेळलं ते धावफलक सांगतो. कबड्डीत चढाया आणि पकडी मोजता येतात. आठ जणांच्या रोइंग बोटीत मात्र कोणी किती जोर लावला ते काठावरून कळत नाही. आठ वल्ही एकदम पाण्यात जातात, एकदम बाहेर येतात, आणि वेळ नोंदली जाते ती सगळ्या बोटीची मिळून. त्यामुळे या खेळातली सगळ्यात अवघड चुरस शर्यतीच्या दिवशी नसते. ती त्याआधी आपल्याच क्लबात असते, आणि रोज पहाटे ज्याच्यासोबत बोट उचलून पाण्यापर्यंत नेली त्याच्याशीच असते. जागा चार, मुलं सात.

मुलांनी जिंकण्यासाठी खेळावं की आनंदासाठी, असं पालक नेहमी विचारतात. रोइंगपुरतं माझं उत्तर ठरलेलं आहे. बोट चांगली चालली की मजा येते, आणि बोट चांगली चालायला मेहनत लागते, चुरसही लागते. चुरशीमुळे मुलाचं मन खेळावरून उडत नाही. आपली निवड का झाली किंवा का झाली नाही, हे त्याला कोणी सांगितलं नाही की उडतं. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्यांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे: निवड मुलाला समजली पाहिजे.

पायरी १: बोट ओळखीची करून घ्या

मूल घरी येऊन 'आज मला तीन नंबरला बसवलं' म्हणालं, तर ते चांगलं की वाईट हे तुम्हाला कळायला हवं. रोइंगमध्ये खेळाडू बोटीच्या दिशेला पाठ करून बसतो. सीट चाकांवर मागेपुढे सरकते आणि खरा जोर पायांचा असतो. हात शेवटी येतात. प्रत्येकाकडे दोन वल्ही असली की ते स्कलिंग, आणि दोन्ही हातांत मिळून एकच वल्हं असलं की स्वीप. स्कलिंगमध्ये सिंगल, डबल आणि चौघांची क्वाड. स्वीपमध्ये पेअर, फोर आणि एट. एटमध्ये नववा माणूस कॉक्स असतो. तो दिशा सांभाळतो आणि बोटीशी बोलत राहतो.

बोट जिकडे जाते त्या टोकाला पहिला क्रमांक बसतो, त्याला बो म्हणतात. दुसऱ्या टोकाला, एटमध्ये कॉक्सच्या समोर, स्ट्रोक बसतो आणि सगळ्यांची लय तो ठरवतो. मधल्या जागांवर साधारणपणे अंगाने दणकट मुलं असतात. बोच्या जागेवर तोल आणि हलकेपणा लागतो, स्ट्रोकला न डगमगणारी लय लागते, मधल्यांना ताकद. कुठलीच जागा दुय्यम नाही.

आणि पोहणं. मुलाला नीट पोहता येत नसेल तर आधी ते शिकवा, रोइंग नंतर. यात सवलत मागू नका, आणि एखादा क्लब ती देत असेल तर तिथून परत या.

महाराष्ट्रात या खेळाची जुनी जागा म्हणजे पुणे. अभियांत्रिकी महाविद्यालयाचा (सीओईपी, आता विद्यापीठ) मुळा नदीवरचा बोट क्लब आणि त्याची रेगाटा, म्हणजे बोटींचा मेळावा, पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, आणि दापोडीला सीएमई या लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात लष्कराचं रोइंग केंद्र आहे. नाशिकमध्येही मुलं वल्हवतात. पुण्यात नदीवर जलपर्णी पसरली की पाण्यावरचा सराव कमी होतो आणि मशीनवरचा वाढतो. मग निवडही मशीनवरच उरकायचा मोह होतो. हे लक्षात असू द्या, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

पायरी २: पहिलं वर्ष यादीपासून लांब ठेवा

नव्या मुलाने पहिल्या हंगामात सगळ्या जागांवर बसावं. सुरुवात स्कलिंगने व्हावी, कारण दोन्ही हातांना सारखं काम मिळतं आणि वाढत्या पाठीवर एकाच बाजूचा ताण पडत नाही. जमेल तेव्हा सिंगलमध्येही उतरावं. सिंगल फार प्रामाणिक बोट आहे: वल्हं थोडं जरी उशिरा निघालं तरी ती डुलते, आणि दोष द्यायला दुसरं कोणी नसतं. सिंगलमध्ये तोल सापडलेलं मूल मोठ्या बोटीत बसलं की प्रशिक्षकाला लगेच ओळखू येतं.

पहिल्या वर्षी निवड नको म्हणण्यामागे मोठं कारण वयाचं आहे. तेरा-चौदाव्या वर्षी एकाच वर्गातली दोन मुलं अंगाने तीन वर्षांच्या अंतराने दिसू शकतात. एकाची वाढ होऊन गेलेली असते, दुसऱ्याची सुरूही झालेली नसते. त्या वयात ताकदीची चाचणी घेऊन संघ पाडला तर निवड रोइंगची होत नाही, कोण आधी वयात आलं त्याची होते. मागे पडलेला मुलगा सतराव्या वर्षी उंच आणि लवचिक होतो, पण तोवर तो फुटबॉलला गेलेला असतो किंवा घरी बसलेला असतो.

उशीर होईल ही भीती या खेळात तर अगदीच बाळगू नका. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीच्या दत्तू भोकनळचा जन्म १९९१ चा. वडिलांबरोबर विहिरी खणण्याचं काम त्याने केलं. २०१२ मध्ये तो सैन्यात गेला आणि वल्हं हातात आलं ते तिथे, विशी ओलांडल्यावर. २०१६ मध्ये तो रिओ ऑलिम्पिकच्या सिंगल स्कलमध्ये होता आणि तेरावा आला. ब्रिटनच्या हेलन ग्लोव्हरने २००८ मध्ये रोइंग सुरू केलं आणि २०१२ मध्ये लंडनला महिला पेअरचं सुवर्ण मिळवलं. बारा वर्षांच्या मुलाची 'कारकीर्द' ठरवायची घाई असणाऱ्या प्रत्येकाला ही दोन नावं सांगावीत.

पायरी ३: मूल कशासाठी आलंय ते विचारा, आणि तुम्ही कशासाठी आलात तेही

हा प्रश्न गाडीत, येता-जाता विचारा, समोर बसवून नको. काही मुलांना पाणी आवडतं. काहींना मैत्रिणी. काहींना शर्यतीच वेड लावतात. तिन्ही उत्तरं चालतात आणि सहा महिन्यांत बदलतातही, म्हणून अधूनमधून पुन्हा विचारा.

आपल्याकडे आणखी एक कारण असतं आणि ते उघड बोललेलं बरं. दहावी-बारावीचे क्रीडागुण आणि राज्य सरकारच्या नोकऱ्यांतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण. राज्यसंघात नाव लागलं की प्रमाणपत्र मिळतं, आणि त्या प्रमाणपत्राला घरात वजन असतं. शेतकऱ्याच्या किंवा रिक्षाचालकाच्या घरात हा विचार होणं अगदी रास्त आहे, त्यात कमीपणा काहीच नाही. पण हा हिशोब मुलाच्या डोक्यावर रोज ठेवला तर निवड चाचणी ही दहावीच्या परीक्षेआधीची परीक्षा होते. प्रमाणपत्राची काळजी तुम्ही करा. मुलाला वल्हं मारू द्या.

पायरी ४: मशीनवरचा आकडा वाचायला शिका

प्रत्येक क्लबात रोइंग मशीन असतं. पडद्यावर ठळक दिसतो तो ५०० मीटरला लागणारा वेळ, त्याला स्प्लिट म्हणतात. दोन मिनिटांचा स्प्लिट शेवटपर्यंत टिकवला तर २००० मीटर आठ मिनिटांत होतात. आंतरराष्ट्रीय शर्यतीचं नेहमीचं अंतर तेच आहे, ज्युनिअरांनाही तेवढंच. तिथे ज्या वर्षी अठरा पूर्ण होतात त्या वर्षअखेरपर्यंत खेळाडू ज्युनिअर धरला जातो. नव्या मुलाची २००० मीटरची चाचणी लगेच घ्यायची गरज नाही. ५०० किंवा १००० मीटर पुरे.

पालकांना एक गोष्ट माहीत नसते, आणि तिच्यावाचून मुलावर अन्याय होतो. स्प्लिट कमी करायला लागणारी शक्ती सरळ हिशोबाने वाढत नाही. २:०० वरून १:५० वर यायचं तर सुमारे तीस टक्के जास्त शक्ती लागते. म्हणजे सुरुवातीला दहा-दहा सेकंदांनी उतरणारा आकडा नंतर एकेका सेकंदासाठी अडतो, आणि ते अगदी स्वाभाविक आहे. 'मागच्या वेळी इतकं सुधारलास, या वेळी काय झालं?' हे वाक्य घरात नकोच.

मशीन काय मोजतं? दम आणि ताकद. काय मोजत नाही? तोल, वल्हं पाण्यात कधी गेलं, पुढच्याच्या पाठीबरोबर आपली पाठ हलली का, लाट आली तर हात घट्ट झाले का. शिवाय मशीनला आपलं वजन वाहून न्यावं लागत नाही, बोटीला लागतं. ऐंशी किलोच्या मुलाचा आकडा साठ किलोच्या मुलापेक्षा चांगला आला म्हणून बोट तेवढीच जोरात जाईल असं नाही. म्हणून आकड्याचा उपयोग मुलाची त्याच्या स्वतःच्या गेल्या महिन्याशी तुलना करायला करावा. क्लबच्या भिंतीवर सगळ्यांचे आकडे उतरत्या क्रमाने लावण्याची पद्धत मला नव्या मुलांसाठी अजिबात पसंत नाही. सोळा-सतरानंतर, मुलांनी स्वतः म्हटलं तर लावा.

पायरी ५: सीट रेस म्हणजे काय ते आधी कागदावर मांडा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, कारण सगळ्यात जास्त रडारड इथेच होते.

दोन फोर बोटी शेजारी शेजारी, ठरलेल्या अंतरावर शर्यत करतात. मग काठाला येऊन दोन्ही बोटींतली एकेक मुलगी आपसांत बदलते, बाकी सगळं तसंच, आणि पुन्हा तीच शर्यत. समजा पहिल्या फेरीत तुमची मुलगी 'अ' बोटीत होती आणि 'अ' दोन सेकंदांनी जिंकली. अदलाबदल झाली, ती 'ब' मध्ये गेली आणि आता 'ब' एका सेकंदाने जिंकली. फरक तीन सेकंदांनी फिरला. तो दोन्ही फेऱ्यांत मिळून असल्यामुळे अर्धा करायचा: तुमच्या मुलीमुळे बोट तिच्या जोडीदारणीपेक्षा दीड सेकंद जास्त जोरात गेली. अदलाबदल होऊनही 'अ' दोन सेकंदांनीच जिंकली असती तर दोघी सारख्या ठरल्या असत्या.

हे गणित मुलीला आधी समजावून द्या. दुसऱ्या फेरीत आपली बोट हरली तरी आपण सीट रेस जिंकलेली असू शकतो, हे माहीत नसलेली मुलगी पाण्यावरच रडते आणि तिसऱ्या फेरीत खरोखर मागे पडते.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. मध्येच वारा फिरला, एका बोटीने वळण चुकवलं, एखाद्याचं वल्हं पाण्यात अडकून क्रॅब लागला, की फेरी बाद धरून पुन्हा घ्यायला हवी. दोन्ही बोटींची मिनिटाला वल्ह्यांची संख्या एकच बांधून दिलेली असावी. आणि एकाच मुलीला लागोपाठ चार-पाच फेऱ्या पळवून शेवटच्या फेरीवरून निकाल लावणं बरोबर नाही. ती दमलेली असते. चांगले प्रशिक्षक कोणाची अदलाबदल होणार हे फेरी संपेपर्यंत सांगत नाहीत, म्हणजे कोणी हात राखून मारत नाही. ही गुप्तता योग्यच आहे. निकालाचे आकडे लपवणं मात्र योग्य नाही.

नुसते सगळ्यात तगडे चौघे किंवा आठजण निवडले तर काय होतं, याचा एक प्रसिद्ध दाखला व्यवस्थापनाच्या वर्गांत शिकवला जातो. अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीत प्रशिक्षकाने चाचण्यांत वरचे आठ एका बोटीत बसवले आणि त्यांच्या खालचे आठ दुसऱ्या बोटीत. कागदावर पहिली बोट सगळ्या बाबतींत सरस होती, तरी दुसरी तिला पुन्हा पुन्हा हरवत राहिली. पहिल्या बोटीतले हरल्यावर एकमेकांकडे बोट दाखवायचे. दुसऱ्या बोटीतल्यांचा एकमेकांवर विश्वास बसलेला होता. मुलांना या खेळात मजा वाटावी असं मी म्हणतो ते केवळ मायेपोटी नाही. एकमेकांवर खार खाणारी मुलं वल्ही एकत्र टाकू शकत नाहीत, आणि वल्ही एकत्र पडली नाहीत की बोट मंदावते.

पायरी ६: प्रशिक्षकांना हंगामाच्या सुरुवातीला भेटा

निवड झाल्यावर भेटलात तर ती तक्रार होते. आधी भेटलात तर ती चौकशी असते. सरांना किंवा मॅडमना शांतपणे विचारा: निवड कशावर होणार, मशीनला किती महत्त्व, पाण्यावरच्या चाचणीला किती, हजेरी धरणार का, आजारी पडलेल्या मुलाला दुसरी संधी आहे का, आणि जी मुलं संघात येणार नाहीत त्यांना शर्यत मिळणार का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. ज्या क्लबात न निवडलेल्या मुलांसाठीही दुसरी बोट उतरते, निदान घरच्या रेगाटात तरी, तिथे मूल टिकण्याची शक्यता जास्त. जिथे उरलेली मुलं हंगामभर फक्त बोटी पुसतात आणि पाण्याच्या बाटल्या भरतात, तिथे तुमचं मूल पहिल्या बोटीत असलं तरी मी दुसरा क्लब शोधेन.

एवढं विचारून झालं की बाजूला व्हा. काठावरून सूचना ओरडू नका. बोटीत एकच आवाज असतो, कॉक्सचा.

पायरी ७: यादी लागते त्या संध्याकाळी

नाव आलं असेल तर अभिनंदन करा आणि न आलेल्या मित्राला मुलाने आजच फोन करावा असं सुचवा. उद्या पुन्हा दोघांना एकच बोट उचलायची आहे. एटची रिकामी बोट वल्ह्यांशिवायच किमान ९६ किलोंची असते आणि सतरा मीटरच्या आसपास लांब. ती बोट एकट्याने उचलून नेता येत नाही.

नाव आलं नसेल तर त्या रात्री कारणमीमांसा करू नका. जेवण द्या, झोपू द्या. 'सरांनी ओळखीच्याला घेतलं' हे वाक्य तुमच्या तोंडून एकदा जरी निघालं, तरी पुढच्या प्रत्येक चाचणीआधी ते मुलाच्या कानात राहतं. दोन दिवसांनी मुलाने स्वतः प्रशिक्षकांकडे जावं आणि एवढंच विचारावं: मी कुठे कमी पडलो आणि पुढच्या दोन महिन्यांत काय करू? चौदाव्या वर्षी हे विचारायला धीर लागतो. तुम्ही दाराबाहेर थांबा, आत जाऊ नका. उत्तर 'अजून मेहनत कर' एवढंच आलं तर ते उत्तर नाही. मुलाने नम्रपणे पुन्हा विचारावं, नेमकं काय.

राखीव खेळाडू म्हणून नाव आलं तर ते गंभीरपणे घ्या. कोणी ना कोणी आजारी पडतंच. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पालेंबांगला दत्तू भोकनळ तापाने फणफणला होता आणि सिंगलच्या अंतिम शर्यतीत सहावा, म्हणजे शेवटचा आला. दुसऱ्याच दिवशी सवर्ण सिंग, ओम प्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्यासोबत क्वाडमध्ये त्याने सुवर्ण जिंकलं. मुलांना मी हे दोन दिवस एकत्रच सांगतो, पहिला वगळून दुसरा नाही.

कॉक्सबद्दल वेगळं सांगायला हवं. अंगाने लहान मुलाला 'तू कॉक्स हो' म्हटलं की घरी वाटतं, पोराला डावललं. खरं तर बोट कुठून न्यायची, कधी वेग वाढवायचा, कोणाचं वल्हं उशिरा येतंय, हे सगळं त्याच्या हातात असतं. ज्याला बोलता येतं आणि गडबडीत डोकं शांत ठेवता येतं त्यालाच हे काम जमतं. पण मुलाला वल्हंच मारायचं असेल तर त्याला वर्षानुवर्षं सुकाणूवर अडकवू नये. त्याचं मत विचारावं.

पायरी ८: वजन आणि दुखणं

इथे थोडक्यात आणि ठामपणे सांगतो. वाढत्या मुलाने निवडीसाठी उपाशी राहायचं नाही, पाणी तोडायचं नाही. लाइटवेट, म्हणजे ठरावीक वजनाच्या आतल्या खेळाडूंचा प्रकार, २०२४ च्या पॅरिसनंतर ऑलिम्पिकमधून गेला आहे, त्यामुळे 'वजन कमी ठेव, पुढे उपयोग होईल' या सल्ल्यातही आता दम राहिलेला नाही. कॉक्ससाठी जागतिक नियमात किमान ५५ किलो लागतात. कमी असतील तर वजनाची पिशवी सोबत ठेवतात. तेव्हा कॉक्सलाही जेवू द्या.

कंबर किंवा बरगडी दुखत असेल तर चाचणीच्या आदल्या दिवशीही सांगायचं, ही सवय पहिल्यापासून लावा. निवड हुकेल म्हणून मुलं दुखणं लपवतात. आजारी मुलाला दुसरी संधी आहे का, हे पायरी ६ मध्ये विचारायला सांगितलं ते याचसाठी.

पायरी ९: हंगाम संपल्यावर

काही आठवडे मशीन बंद. मुलाला सिंगल किंवा डबलमध्ये घड्याळाशिवाय जाऊ द्या, किंवा नदीपासून पूर्ण लांब राहू द्या; त्याला पोहायचं, सायकल चालवायची, झोपायचं असेल तसं. मग विचारा, पुढच्या वर्षी यायचंय का, आणि आलास तर चाचण्यांत उतरायचंय की नुसतं वल्हवायचंय. दुसरं उत्तर आलं तर क्लबला तसं स्पष्ट कळवा. त्याची जागा अडत नाही आणि त्याची पहाटही हिरावली जात नाही. पहिलं उत्तर आलं तर पुढच्या चाचणीची तारीख क्लबातून आताच लिहून आणा, आणि त्या आधीच्या आठवड्यात घरात लग्नकार्य किंवा गावची जत्रा येत असेल तर प्रशिक्षकांना आजच सांगून ठेवा.